स्टुडिओतला कापूस आणि बुरशीची लेन्स

ज्या वर्षी माझ्या फोटो स्टुडिओत कापूस शिरला, त्याच वर्षी मी आयुष्यातली पहिली लांब पल्ल्याची लेन्स विकत घेतली. दोन्हींचं नाव काढलं की आजही मला जेवण जात नाही. कापूस म्हटलं की शहरातल्या लोकांना पांढरं, मऊ, देवापुढच्या वातीसारखं काहीतरी आठवतं. त्यांनी कापसासोबत एका घरात सव्वा महिना राहून पाहावं. मी राहिलो. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहिलं तर मला माझा चेहराच दिसेना, नुसते ओरखडे दिसले. यात थोडं वाढवून सांगतो आहे हे मान्य, पण फार नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, आणि सरकारी खरेदी केंद्रापुढे बंड्यांची रांग अशी की पुढच्या बंडीचे बैल म्हातारे होईपर्यंत मागची बंडी फाटकाला लागत नसे. माझा मोठा भाऊ मुकुटबनच्या पलीकडे वावर करायचा. मी तालुक्याच्या गावी लग्नाचे, फॉर्मला लावायचे आणि मेलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचो. भावाच्या चार बंड्या कापूस केंद्रावर आला आणि ग्रेडरनं तो दोनदा परत लावला.

ग्रेडर म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस. आमचा हा ग्रेडर आवारात एका उंच खाटेवर बसून असे. बंडीतून मूठभर कापूस ओढायचा, नाकाला लावायचा, मग त्यातली सरकी काढून दाढेखाली धरायचा. दाढेखाली कट्ट वाजली तर माल कोरडा, नाही वाजली तर ओला. दिवसभरात तो इतकी सरकी चावायचा की तेवढ्यावर एखाद्या म्हशीनं सहा लिटर दूध दिलं असतं. चावलेला चोथा तो पुढच्याच्या बंडीवर थुंकायचा. भावाची सरकी त्याच्या दाढेखाली अशी वाजली की रांगेतल्या शेवटच्या बैलानं कान टवकारले. ग्रेडर थुंकला आणि म्हणाला, "ओल हाय. वापस."

दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा भावानं बंड्या सरळ माझ्या दारात आणून लावल्या. माल गावी परत नेला तर लोक म्हणतील ओलाच असेल, आणि हा डाग त्याला लावून घ्यायचा नव्हता. मी काही बोलायच्या आत त्याच्या माणसांनी गाठोडी सोडली.

माझा स्टुडिओ म्हणजे समोरची एक खोली, तिच्या बाजूला डार्करूमचं खुराडं आणि मागे आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. समोरच्या खोलीत भिंतीवर धबधब्याचा रंगवलेला पडदा होता. कापूस भरल्यावर धबधब्याचं फक्त वरचं टोक उरलं, पंख्याची पाती कापसात रुतली आणि गिऱ्हाइकांना मी दारातच उभं करून फोटो काढू लागलो. मग कापसातून एकेक पाहुणे बाहेर पडू लागले. लाल ढेकणं. डोळ्यांना न दिसणारे पण कातडीला बरोबर कळणारे किडे. आणि शेंदरी अळ्या, लहान पोराच्या नखाएवढ्या, गुलाबी, तकतकीत. कापसाला ऊब आली की त्या भिंतीवरून चालत आमच्या बिऱ्हाडात यायच्या. चहाच्या कपात, दाढीच्या ब्रशात, देवाच्या तबकात. खोलीला वास कसा, तर तेल लावलेल्या माणसानं आठवडाभर न धुता वापरलेल्या उशीचा.

बायकोनं पंधरा दिवस काढले. आधी तिनं पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मग कडुनिंबाचा धूर केला, मग माझ्याशी बोलणं कमी केलं. एक दिवस तिनं कणीक मळायला घेतली आणि मळता मळता थांबली. परातीत कणकेच्या गोळ्यात अर्धी अळी होती. उरलेली अर्धी कुठे आहे याचा विचार आम्ही दोघांनीही केला, कारण आदल्या पोळ्या त्याच पिठाच्या होत्या. तिनं हात धुतले, पिशवी भरली आणि फुलसावंगीला माहेरी जायला निघाली.

"भासऱ्यायले सांगा," ती दारातून माझ्या भावाबद्दल म्हणाली, "कापूस गेला की मले निरोप द्या. मंग येतो मी. त्याच्या आधी घ्यायले येऊ नका."

ती तोंडदेखलं बोलणारी बाई नाही. म्हणजे आता कापूस खपल्याशिवाय मला बायको नव्हती, आणि ग्रेडर हो म्हटल्याशिवाय कापूस खपत नव्हता.

मार्ग भावानंच काढला. केंद्राला लागून एका व्यापाऱ्याचं जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार होतं, उंच भिंतीचं. त्याचे ट्रक रांग मोडून पुढे जायचे आणि त्याची सरकी ग्रेडर दाढेला लावायचाही नाही. तिथल्या एका हमालानं भावाला सांगितलं होतं की सकाळी सकाळी आवारात पाइप लावून गंजीवर पाणी मारतात, वजन वाढायला. भावाच्या डोळ्यांत त्या दिवशी जी चमक आली ती त्याच्या लग्नातही नव्हती. "फोटू काढ," तो म्हणाला. "पाइपासकट काढ. ग्रेडरले दाखवतो. मंग पाहू आपला कोरडा माल कसा वापस करते तो."

गावच्या पाण्याच्या टाकीवरून ते आवार दिसायचं. मी टाकीच्या लोखंडी शिडीनं वर चढलो. वर कबुतरांची विष्ठा घोट्याएवढी. झाकणाची फट होती, तिच्यातून आत पाहिलं तर एक मेलेलं कबुतर शांतपणे तरंगत होतं. हेच पाणी आम्ही पितो, हे कळल्यावर मी चार दिवस ताकावर राहिलो. फोटो काढला. माझ्या कॅमेऱ्याची नेहमीची लेन्स नवरा-नवरी दोन हातांच्या अंतरावर उभे असतील तर ठीक. अर्ध्या फर्लांगावरचा माणूस तिनं उवेएवढा काढला. भावानं प्रिंट डोळ्याशी धरला, लांब धरला, उलटा धरला आणि विचारलं की यातला माणूस कोणता आणि घाण कोणती.

तेव्हा झूम लेन्स हवी हे नक्की झालं. नवीची किंमत मी नागपूरच्या दुकानात फोन करून विचारली. ऐकून फोन इतक्या अलगद खाली ठेवला, जसं काही तो झोपला होता. मग कळलं की यवतमाळला एक म्हातारे फोटोग्राफर धंदा मोडताहेत आणि त्यांच्याकडे जुनी सत्तर-दोनशे-दहा आहे. सत्तर-दोनशे-दहा म्हणजे अशी लेन्स की नळी मागे ओढली तर समोर आख्खी वरात दिसते आणि पुढे ढकलली तर नवरदेवाच्या नाकातला केस.

भाऊ सोबत आला. मी नको म्हटलं, पण सौदा करायचा म्हणजे तो हवाच, असं आमच्या घरात ठरलेलं. बैलबाजारात त्याला आजवर कुणी फसवलं नव्हतं. निदान तो तसं सांगायचा, आणि बैल बोलत नाहीत.

म्हाताऱ्याच्या खोलीत आम्ही शिरलो तेव्हा भारनियमनामुळे वीज नव्हती. आतल्या अंधारात फ्रेमांचे ढीग, न नेलेल्या लग्नांचे अल्बम आणि मधोमध खाटेवर ते स्वतः. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. फोटो धुवायचा पांढरा ट्रे त्यांनी थुंकायला घेतला होता आणि तो काठोकाठ भरत आला होता. ज्या ट्रेमध्ये माणूस आयुष्यभर चेहरे उमटवतो त्यात आता हे तांबडं हलत होतं. त्यांनी उशीखालून एक लोकरीची माकडटोपी काढली. टोपीत लेन्स होती. तिला वास होता कापराचा, उंदराचा आणि म्हाताऱ्याच्या डोक्याचा.

आता मी फोटोग्राफर. अशा वेळी काय पाहायचं ते मला माहीत होतं. लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर बसते का, ते पाहिलं. बसत होती. नळी मागेपुढे सरकते का, पाहिलं. सरकत होती, जरा जास्तच. तिसरी गोष्ट म्हणजे लेन्स दिव्यापुढे धरून मागच्या बाजूनं आत बघायचं. पण दिवा नव्हता, आणि दाराशी उजेडात न्यावी म्हणून मी उठलो तेवढ्यात भावानं ती माझ्या हातातून घेतली.

त्यानं ती तळव्यावर तोलली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वर-खाली झुलवली. पुढच्या काचेत तोंड घालून पाहिलं, जसं काही तो दात मोजतो आहे. बोटाच्या पेरानं वाजवली. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "जड हाय."

"जपानी हाय ते," म्हातारे खर्ऱ्यातून बोलले. "आताच्या लेन्सा पलास्टिकच्या. हे नुसतं लोखंड अन् काच." आणि आपलं म्हणणं पटावं म्हणून त्यांनी पुढच्या काचेवर थुंकी लावून धोतरानं पुसली. काच चकाकली. भावानं मान डोलावली. जन्मभर माणसानं कापूस काट्यावर पाहिलेला, ज्वारी मापानं, बैल वशिंडावरून. जड ते चांगलं, हे त्याच्या हाडात होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही हाडात तेच होतं. मी लेन्स परत हातात घेतली आणि तिचं वजन मनगटाला लागताच मला वाटलं, एवढं वजन आहे म्हणजे आत काहीतरी असणारच. होतंही.

मग सौदा. भावानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातावर टाकला आणि पुढे केला. बैलबाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, असाच भाव करतात: दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा, बाजूच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मला वाटलं म्हातारे हसतील. पण त्यांनी खर्ऱ्याचा हात धोतराला पुसला, अर्धाच पुसला गेला, आणि दुपट्ट्याखाली घातला. त्यांचे वडील हेडी होते, हे नंतर कळलं. दहा मिनिटं खोलीत नुसती दुपट्ट्याची चुळबुळ. भाऊ डोळे मिटून बसलेला, म्हातारे छताकडे पाहताहेत. मी, ज्याच्या खिशातून पैसे जाणार, तो भिंतीवरच्या परक्या नवरा-नवरीकडे पाहत उभा. शेवटी भावानं हात बाहेर काढला. मनगटापर्यंत तांबडा.

"झालं," तो म्हणाला.

"केवढ्यात?"

"असं इच्यारत नसते गड्या विकनाऱ्यासमोर."

किती गेले ते मला रस्त्यावर आल्यावर कळलं. पाकीट मी त्याच्या हातात दिलं होतं, ते त्यानं अर्धं हलकं करून परत दिलं होतं. बोटं त्याची, पैसे माझे.

परतीच्या एसटीत लेन्सनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. नळी इतकी सैल की खाली तोंड केलं की आपोआप घसरून पुढे यायची. एका खड्ड्यात ती अशी घसरली की पुढच्या सीटवरच्या बाईच्या अंबाड्यात जाऊन शिरली. बाई मागे वळल्या, लेन्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या खानदानाबद्दल बोलल्या. भाऊ त्या वेळी खिडकीबाहेरचं पीक पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा टाकीवर. पुन्हा कबुतरं, पुन्हा ती विष्ठा. उन्हं नुकतीच समोरून वर येत होती. मी आवारावर लेन्स धरली आणि आत सगळं दुधाळ दिसलं. थंडीचे दिवस, मला वाटलं धुकं आहे. टाकीवर माझ्या स्वतःच्या डोळ्यांना धुकं दिसत नव्हतं, याचा मी विचार केला नाही. नवी लेन्स घेतलेला माणूस असले विचार करत नसतो. दुधात एक सावली हलली, सावलीच्या हातात लांब काही होतं, त्यातून काही उडत होतं. मी आख्खा रोल संपवला. एका हातानं कॅमेरा, दुसऱ्यानं घसरती नळी, आणि पाठ खाजवायला तिसरा हात नाही.

डार्करूममध्ये शिरायला मला कापसाच्या ढिगावर पालथं झोपून सरपटत जावं लागलं. कापसाचा तंतू उडून ओल्या निगेटिव्हला चिकटत होता. पण तंतूंचा दोष नव्हता. प्रिंट काढला तर कागदावर ताक उमटलं. ताकात एक पुसटसा डाग, तो माणूस असेल, पाइप असेल, नाहीतर म्हैस असेल. छत्तीसच्या छत्तीस तसेच. पांढरा दिवा लावला. मी लेन्स बल्बपुढे धरली आणि मागच्या बाजूनं डोळा लावला.

ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. आतल्या काचांवर बुरशी होती. ठिपके नव्हेत, आख्खं झाड होतं. मधोमध पांढरा गड्डा आणि त्याच्यातून चहूकडे गेलेल्या बारीक मुळ्या, फांद्या, फांद्यांना केस. केस ओलसर चमकत होते. आणि दोन काचांच्या मधे, कसा शिरला देव जाणे, एक किडा पाय वर करून मेलेला. त्याच्याही अंगावर बुरशी चढलेली. मी डोळा बाजूला घेतला आणि मला वाटलं की ती माझ्या पापणीला चिकटून आली आहे. बाहेर जाऊन हापशावर डोळा धुतला. रात्री जेवलो नाही.

मी एकटाच यवतमाळला गेलो. म्हाताऱ्यांनी लेन्स हातात घेतली, पाहिली नाही, नुसती तोलली. मग त्यांनी ट्रे जवळ ओढला, शांतपणे थुंकले आणि म्हणाले, "तुमच्या भावानं वजनावर घेतली. वजन कमी भरलं असंल तर वापस घेतो."

मी लेन्स उचलली आणि निघालो. एसटीत मी लेन्स पायाखाली ठेवली आणि कुणाच्याही अंबाड्याकडे तोंड केलं नाही.

भावाला बल्बपुढे धरून दाखवली. त्यानं आत पाहिलं, तोंड कडू केलं, पण त्याचा चेहरा पडला नाही. तो म्हणाला, "आतून काय हाय ते आपल्याले मालूम. ग्रेडरले कुठं मालूम?" आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला बरं वाटलं, याची मला आता लाज वाटते. मी म्हटलं, हे जमेल. बायकोला जाऊन तीन आठवडे होत आले होते. मी स्वतःच्या हातचं खात होतो आणि खाताना प्रत्येक घास उजेडात धरून पाहत होतो.

ठरलं असं की तो बंड्या घेऊन रांगेत लागेल आणि मी केंद्राच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला कापसाच्या गाठींच्या चवडीवर उभा राहून ग्रेडरवर लेन्स रोखेन. रोल घालायचीही गरज नाही. आदल्या दुपारी भावानं मला घरातून हाकललं. माल भरायला जागा हवी, म्हणाला, आणि तू उगीच खाजवत मधे मधे करतो. मी बाजारात जाऊन लेन्सला काळं हूड, म्हणजे तोंडापुढची नळी, घेतलं, ती आणखी भीतिदायक दिसावी म्हणून.

ठरल्याप्रमाणे झालं. भावाची बंडी खाटेपुढे लागली तशी मी लेन्स उचलली आणि नळी पुढे ढकलली. आत सगळं ताक, पण ताकात मला ग्रेडरचं डोकं ओळखू आलं. त्यानं मूठ ओढली, नाकाला लावली, सरकी दाढेखाली घेतली. मग रांगेतलं कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून बोललं आणि त्यानं वर पाहिलं. लेन्सचं काळं तोंड सरळ त्याच्या तोंडावर. त्याचा जबडा अर्ध्यात थांबला. सगळं आवार गप्प झालं, बैलांच्या घंटासुद्धा.

मग त्यानं दाढ दाबली.

कट्ट वाजलं नाही.

मी लांब होतो, पण ते न वाजणं मला ऐकू आलं. ओली सरकी दाढेखाली चेपते, ओल्या शेंगदाण्यासारखी, आवाज न करता. ग्रेडरला कळलं. भावाला कळलं. ग्रेडरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंडातला लगदा या खेपेला गिळला, थुंकला नाही, आणि म्हणाला, "कोरडा हाय. पास. चारही बंड्या घ्या."

मी चवडीवरून उतरून बंडीजवळ गेलो आणि कापसात हात घातला. आत कोपरापर्यंत गारवा. हाताला वास आला तो मला ओळखीचा होता. आमच्या वावरातल्या फवारणीच्या पंपाचा. औषध मारायचा पाठीवरचा पंप त्यानं पाण्यानं भरून, माझ्या स्टुडिओत, माझ्या धबधब्यापुढे, सव्वा महिना सांभाळलेल्या कोरड्या खडखडीत कापसावर मारला होता. ज्या पाण्याचा फोटो काढायला मी मेलेल्या कबुतरावर उभा राहिलो तेच पाणी. मी त्याला विचारलं, काहून. तो बंडीचं दोर सोडत होता, मान वर न करता म्हणाला, "सगळे मारून राह्यले. आपनच काय पाप केलं?" जसं काही पाणी न मारणं हेच पाप.

मी घरी आलो. खोली रिकामी होती. जमीन ओली, कोपऱ्यात पडून राहिलेली सरकी पाण्यानं फुगलेली, पडद्यावरचा धबधबा खरोखर ओघळून भिंतीवर उतरलेला. आणि पाणी लागल्यामुळे उरल्यासुरल्या अळ्या बाहेर येऊन ओल्या फरशीवर हळूहळू चालत होत्या. मी सगळ्या झाडून काढल्या असं सांगावंसं वाटतं, पण मी आधी एसटीडीवर गेलो आणि फुलसावंगीला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला की कापूस गेला.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीनं पोचणार होती. पण तिच्या अर्धा तास आधी भाऊ आला. त्याच्यामागे पाच बंड्या. गावातल्यांच्या, त्याच्या साळ्याच्या, साळ्याच्या व्याह्याच्या. आवारात लेन्सचा बोभाटा झाला होता. ती रोखली की माल पास, कोरडा असो की नदीतून काढलेला असो. आता माल आधी माझ्याकडे उतरवायचा, पाणी पाजायचं, आणि मी चवडीवर उभं राहायचं. भाऊ खूश होता. त्यानं मला आख्ख्या गावासमोर पहिल्यांदा "आमचा फोटोग्राफर" म्हटलं.

मी दारात आडवा झालो. म्हटलं, मंडळी, या लेन्समधून काही दिसत नाही. आत बुरशी आहे. कॅमेऱ्यात रोल नव्हता. एकही फोटो निघालेला नाही आणि निघणार नाही. मी हे सगळं खरं सांगितलं, एक अक्षर न वाढवता, आणि ते सगळे हसले. माझी आजवरची ख्याती अशी की गावात लोक माझ्या गोष्टी ऐकायला चहा पाजायचे. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "काय पन फोका मारते बाप्पा हा." मी लेन्स त्यांच्यापुढे धरली, पाहा म्हटलं. कुणी डोळा लावेना. ज्यानं ग्रेडरला गप्प केलं त्या नळीत डोळा घालायची कुणाची छाती नव्हती.

तेवढ्यात बायको कोपऱ्यावरून आली. हातात तीच पिशवी. तिनं बंड्या पाहिल्या, गाठोडी पाहिली, पायापाशी आलेली एक अळी पाहिली आणि थांबली. ती परत फिरायच्या बेतात आहे हे मला तिच्या खांद्यावरून कळलं.

"काही दिसत नाही यातून," मी तिला म्हटलं. "खरंच."

तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून लेन्स घेतली आणि सगळ्यांसमोर डोळ्याला लावली. उन्हाकडे तोंड करून बराच वेळ पाहिलं. मग ती खाली घेतली, पदरानं डोळा पुसला, पुन्हा पुसला.

"शी," ती म्हणाली. "काय ठेवलं हे घरात."

भाऊ पुढे झाला. धाकट्या भावाच्या बायकोसमोर त्याला फार बोलता यायचं नाही. तो म्हणाला, एवढ्या बंड्या तरी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्याच्याकडे न पाहता लेन्स त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, ही तुमीच नेजा. वजनदार हाय."

त्यानं ती तळव्यावर तोलली. सवयीनं. मग माझ्याकडे पाहिलं, बंड्यांकडे पाहिलं, आणि बैल वळवले. नंतर कळलं की पाचही बंड्या त्या दिवशी थेट केंद्रावर गेल्या आणि भाऊ स्वतः चवडीवर उभा राहिला, लेन्स उलटी धरून, बारीक तोंड ग्रेडरकडे आणि मोठं स्वतःच्या डोळ्याला. पाचही पास झाल्या. कापूस वाटेत नाल्यावर ओला केला होता म्हणतात.

आम्ही दार लावून घेतलं. तिनं फरशीवर दोन बादल्या फिनाइल ओतलं, मी फुगलेली सरकी सुपलीत भरली. मग ती खराटा टेकवून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "भरला तेव्हा कोरडा होता न आपला कापूस?"

"भरला तेव्हा होता," मी म्हटलं.

ती वाकून पुन्हा झाडायला लागली, आणि मी सुपली घेऊन उकिरड्याकडे गेलो.